एन्झाइम हातात टिकत नाही, म्हणून वाट बदलू का?

पत्र

मी वनस्पती जैवरसायनशास्त्रात पीएचडी करते आहे. चौथं वर्ष लागलं. एका औषधी वनस्पतीच्या पानातलं एक एन्झाइम शुद्ध करायचं, त्याचे गुणधर्म तपासायचे आणि मग त्याचं जनुक शोधायचं, असा माझा विषय आहे. कच्च्या अर्कात एन्झाइमची क्रिया स्पष्ट दिसते. मग प्रथिनं खाली बसवायला अमोनियम सल्फेट हा क्षार घालते. अमोनियम सल्फेटनंतर ती निम्मी उरते आणि पहिल्या कॉलमनंतर (प्रथिनं वेगळी करणाऱ्या नळीनंतर) गायबच होते. गेलं वर्षभर हेच चाललंय. गाइड म्हणतात, ‘प्रथिनाचा नाद सोड, ट्रान्स्क्रिप्टोम (पानात चालू असलेल्या जनुकांची नोंद) करून घे, संभाव्य जनुकांची यादी काढ, पेपर होऊन जाईल.’ माझ्याबरोबर लागलेल्या मैत्रिणीचे अशाच कामावर पेपर झालेसुद्धा. लॅबमधले ज्युनिअर विचारतात, आजकाल एन्झाइम शुद्ध कोण करतं?

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. प्रथिन सोडून देऊ का? या विषयात जैवरसायनाला पुढे काही भवितव्य आहे का? आणि तिसरं, जे कुणाला विचारायची हिंमत होत नाही : मला हे काम खरंच आवडतं, की नुसती सवय झाली आहे, हे ओळखायचं कसं?

— एक संशोधक विद्यार्थिनी

उत्तर

भवितव्याचं पुढे बोलू. आधी तुझ्या एन्झाइमकडे बघू, कारण तुझे तिन्ही प्रश्न तिथेच येऊन अडकलेत. कॉलम नीट चालला असता तर हे पत्र तू लिहिलंच नसतंस.

क्रिया गायब होते, असं तू म्हणतेस. पण ती जाते कुठे, याचा हिशेब पत्रात नाही. कॉलमवर क्रियेची किती युनिट्स चढवलीस? न चिकटता सरळ खाली आलेल्या द्रवात किती सापडली? क्षार वाढवत नेलास तेव्हा कुठल्या फ्रॅक्शनमध्ये, म्हणजे गोळा केलेल्या कुठल्या भागात, किती उतरली? शेवटी कडक क्षाराने कॉलम धुतलास, त्या धुवणात काही होतं का? आणि कॉलमवर न चढवता, त्याच बफरमध्ये (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात), तेवढाच वेळ बाजूला ठेवलेल्या नमुन्यात किती उरली होती? हा शेवटचा आकडा बहुतेक जण काढत नाहीत आणि सगळ्यात जास्त तोच सांगून जातो. बाजूला ठेवलेला नमुनाही मेला असेल, तर कॉलमचा काही दोष नाही, वेळ किंवा बफर मारतोय. तो जिवंत असेल आणि कॉलममधून उतरलेला मेलेला असेल, तर कॉलमने काहीतरी वेगळं केलंय. दर टप्प्याला किती क्रिया उरली हे लिहायचा शुद्धीकरणाचा तक्ता शोधनिबंधात छापण्यासाठी असतो, असा समज आहे. तो खरं तर रोज संध्याकाळी स्वतःसाठी भरायचा असतो.

आता कॉलमने वेगळं केलं म्हणजे काय केलं? मला सर्वांत दाट शंका इथेच आहे. कच्च्या अर्कात दिसणारी क्रिया एकाच प्रथिनाची आहे, असं तू धरून चालली आहेस. ती दोन प्रथिनांनी मिळून केलेली असू शकते, किंवा एका प्रथिनाने आणि अर्कात आयत्या मिळालेल्या एखाद्या सहघटकाने, म्हणजे क्रियेला लागणाऱ्या मदतनीस रेणूने. अमोनियम सल्फेटने त्यातलं थोडं मागे सोडलं, कॉलमने उरलेलं तोडलं, आणि दोघंही एकेकटे निष्क्रिय दिसायला लागले. तपासणं सोपं आहे. कॉलममधून उतरलेली फ्रॅक्शन्स फेकू नकोस. न चिकटलेला भाग आणि क्षाराने उतरलेला प्रत्येक भाग एकत्र करून क्रिया मोज. मिश्रणात ती परत आली तर तुझं वर्ष वाया गेलेलं नाही, तुला एक नवीन गोष्ट सापडली आहे. मिश्रणात आली नाही, पण उकळलेला कच्चा अर्क घातल्यावर परत आली, तर उष्णतेला दाद न देणारा लहान रेणू हरवतोय. मग मॅग्नेशियम, मँगनीज, लोह, झिंक, फ्लॅव्हिन असे एकेक घालून बघता येतील.

हे करण्याआधी मोजमापाची खात्री मात्र करून घे. क्रिया वेळेच्या प्रमाणात सरळ रेषेत वाढते का? प्रथिन दुप्पट केलं तर ती दुप्पट होते का? होत नसेल तर तुझे ‘निम्मी उरते’सारखे आकडे पोकळ आहेत. एनएडीपीएच (पेशीतला इलेक्ट्रॉन पुरवणारा रेणू) कमी होण्यावर तुझं मोजमाप उभं असेल तर आणखी सावध राहा, कारण पानाच्या कच्च्या अर्कात ते खाणारी प्रथिनं कितीतरी असतात. तुला तयार झालेलं उत्पादनच प्रत्यक्ष दिसायला हवं.

दुसरी शंका पानावरच आहे. प्राण्यांच्या ऊतींवर लिहिलेल्या पद्धती पानाला जशाच्या तशा चालत नाहीत. जिवंत पेशीत आम्लं, फिनॉलिक संयुगं आणि प्रथिनं तोडणारी एन्झाइम्स रिक्तिकेत, म्हणजे पेशीतल्या एका पिशवीत, कोंडलेली असतात. खलात पान वाटलं की ती भिंत फुटते आणि सगळं एकमेकांत मिसळतं. हवेतल्या ऑक्सिजनने फिनॉल्सची क्विनोन्स होतात, ती प्रथिनांना कायमची चिकटतात, आणि अर्क तुझ्या डोळ्यांदेखत हिरव्याचा तपकिरी होतो. औषधी वनस्पतींत हे जास्तच, कारण अशी संयुगं भरपूर असतात म्हणूनच बहुधा ती औषधी असते. तुझा अर्क अर्ध्या तासात तपकिरी होतो का, हे तू लिहिलेलं नाहीस. होत असेल तर पुढच्या वेळी वाटतानाच खलात अविद्राव्य पीव्हीपीपी (फिनॉल्स धरून ठेवणारी भुकटी) टाक, बफरमध्ये डायथायोथ्रायटॉल (ऑक्सिडीकरण रोखणारं थायॉल संयुग) ताजं घाल आणि बफरची ताकद वाढव, म्हणजे रिक्तिकेतलं आम्ल पीएच खाली ओढणार नाही. अर्क गाळल्यावर पीएच प्रत्यक्ष मोज. बाटलीवर साडेसात लिहिलेलं असतं, अर्कात सहा निघतो.

तिसरी शंका बर्फावर. पहिल्या दिवसापासून आपल्याला शिकवतात की प्रथिन बर्फातून बाहेर काढायचं नाही. बहुतेक प्रथिनांना ते लागू आहे, सगळ्यांना नाही. याचं उत्तम उदाहरण याच विषयात आहे आणि ते तुला तपशीलवार सांगतो, कारण त्यात तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचंही उत्तर दडलंय.

हवेतला कार्बन पानात आधी कुठे जातो हे हवाईतल्या ऊस संशोधकांनी किरणोत्सारी कार्बन वापरून बघितलं, तेव्हा उसाच्या पानात तो आधी चार कार्बनच्या आम्लांत, म्हणजे मॅलेट आणि अस्पार्टेटमध्ये दिसला. केल्विन, बेन्सन आणि बॅशम यांनी शैवालात दाखवलेल्या प्रकाशसंश्लेषणाच्या मार्गाप्रमाणे तो आधी तीन कार्बनच्या फॉस्फोग्लिसरिक आम्लात दिसायला हवा होता. हवाईतल्या मंडळींनी ते १९६५ मध्ये सविस्तर छापलं. ब्रिस्बेनमध्ये एका साखर कंपनीच्या संशोधन केंद्रात काम करणारे हॅच आणि स्लॅक यांनी तो धागा उचलला आणि १९६६ पासून एकेक टप्पा उलगडत नेला. तोच आज आपण सी-४ मार्ग म्हणून शिकतो. पण कागदावर मार्ग काढला तरी एक जागा रिकामी होती. पायरुवेटपासून फॉस्फोइनॉलपायरुवेट परत बनवणारं एन्झाइम असायलाच हवं होतं, आणि पानात तसं काही माहीत नव्हतं. १९६८ मध्ये त्यांना ते सापडलं : पायरुवेट फॉस्फेट डायकायनेज.

या एन्झाइमचा स्वभाव बघ. त्याला मॅग्नेशियम लागतं, थायॉल देणारं काहीतरी लागतं, थंडीत ते आपली क्रिया गमावतं, आणि पान अंधारात गेलं की काही मिनिटांत बंद पडतं. म्हणजे उजेडातलं पान घेतलं नाही, किंवा अर्क इमानेइतबारे बर्फात ठेवला, तर ते ‘नाही’ असंच दिसणार. सी-४ मार्गातला एक मुख्य टप्पा असा लपून बसलेला होता. तो सापडला, कारण रसायनशास्त्राच्या हिशेबाने तो असायलाच हवा, यावर त्या दोघांचा विश्वास होता आणि त्यांनी परिस्थिती बदलून बदलून शोधलं.

म्हणून तुला विचारतो, पानं तोडतेस केव्हा? सकाळी लॅबमध्ये शिरता शिरता, की दुपारी भर उन्हात? तोडल्यावर लगेच लिक्विड नायट्रोजनमध्ये टाकतेस, की पिशवीत घालून आणतेस? नायट्रेट रिडक्टेज, सुक्रोज फॉस्फेट सिंथेज, केल्विन चक्रातली कितीतरी एन्झाइम्स उजेड-अंधाराप्रमाणे चालू-बंद होतात. तुझं एन्झाइम त्या जातीचं नसेलही. पण तुझी क्रिया कधी जास्त, कधी कमी येत असेल, तर वहीत पान तोडल्याची वेळ लिहायला लाग. एकदा अर्क खोलीच्या तापमानाला ठेवून, वीस टक्के ग्लिसरॉल घालून, नवा कॉलम बाहेर टेबलावर चालवून बघ. एका दिवसाचं काम आहे.

आता गाइडचं म्हणणं. त्यांच्यावर रागावू नकोस. चौथ्या वर्षाच्या विद्यार्थिनीकडे दाखवण्यासारखं काही नाही, हे गाइडला झोपू देत नाही. निधीची मुदत, तुझी शिष्यवृत्ती, प्रबंधाची तारीख हे सगळं त्यांच्या डोक्यात चालू असतं, आणि ट्रान्स्क्रिप्टोमला निदान निश्चित शेवट असतो : नमुना पाठवला की जनुकांमधल्या अक्षरांची क्रमवारी येते. त्यांची सूचना वाईट नाही, अर्धी आहे. ट्रान्स्क्रिप्टोम जरूर कर. पण तो प्रथिनाच्या जागी नको, प्रथिनासाठी कर.

कसं ते सांगतो. तुला एन्झाइम पूर्ण शुद्ध करायची गरजच नाही. पूर्वी होती. १९८८ मध्ये सर्पगंधेतल्या स्ट्रिक्टोसिडिन सिंथेजचं जनुक मिळवलं गेलं, ते शुद्ध प्रथिनाच्या तुकड्यांचा अमिनो आम्ल क्रम वाचून, त्यावरून डीएनएचे छोटे शोधक तयार करून. त्यासाठी शुद्ध प्रथिन हवंच होतं. आज तुझ्याकडे ट्रान्स्क्रिप्टोम असेल, तर पानात बनणाऱ्या प्रथिनांची एक संभाव्य यादी तुझ्या हाताशी आलेली असेल. मग एका कॉलमवरून उतरलेली लागोपाठची फ्रॅक्शन्स घे, प्रत्येकात क्रिया मोज, प्रत्येकातली प्रथिनं मास स्पेक्ट्रोमेट्रीने (तुकड्यांची वजनं मोजून) ओळख. क्रिया चढते तिथे चढणारी आणि उतरते तिथे उतरणारी प्रथिनं फार थोडी असतील. दुसऱ्या प्रकारच्या कॉलमवर हेच पुन्हा केलंस तर ती आणखी थोडी उरतील. नुसत्या ट्रान्स्क्रिप्टोमवरून शेकडो नावं निघतात. नुसत्या शुद्धीकरणाने तू वर्षभर अडकलीस. दोन्ही एकत्र केलीस तर मूठभर उमेदवार हातात येतात, आणि मूठभर जनुकं एक विद्यार्थिनी स्वतः तपासू शकते.

तपासायची सोयही आता चांगली आहे. जनुक अॅग्रोबॅक्टेरियममध्ये घालायचं, तो वनस्पतीत डीएनए घालणारा जिवाणू निकोशियाना बेन्थॅमियाना या तंबाखूच्या नातलगाच्या पानात बिनसुईच्या सिरिंजने खालच्या बाजूने दाबून सोडायचा, आणि चार-पाच दिवसांनी त्या पानात तुझं उत्पादन तयार झालं का ते बघायचं. पहिल्यांदा हे बघशील तेव्हा मजा वाटेल : पानाचा तेवढाच भाग ओला झाल्यासारखा गडद दिसतो, पेनने त्याची कड आखून ठेवायची. सोबत तुझं जनुक नसलेला जिवाणू सोडलेलं पान हवंच, कारण त्या वनस्पतीची स्वतःची एन्झाइम्स तुझ्या संयुगावर साखर चिकटवून ठेवतात आणि तुला वाटतं काहीच बनलं नाही.

अमेरिकेतल्या स्टॅनफर्डच्या एका गटाने पोडोफायलोटॉक्सिन हे औषधी संयुग बनण्याच्या मार्गातली अशीच सहा नवी एन्झाइम्स शोधून २०१५ मध्ये प्रसिद्ध केली. तो मार्ग पानाला जखम केल्यावर जागा होतो, हे त्यांनी आधी रसायनाने ओळखलं, मग जखमेनंतर कुठली जनुकं जागी होतात ते बघितलं, मग निकोशियानात एकत्र घालून तपासलं. २०१८ मध्ये सदाफुलीतल्या व्हिनब्लास्टिन या कर्करोगावरच्या औषधाच्या मार्गातली हरवलेली एन्झाइम्स सापडली. तिथली मधली संयुगं इतकी चंचल की ती वेगळी करून बाटलीत ठेवणं कठीण, त्यामुळे एन्झाइम्स एकत्र करूनच ती ओळखावी लागली. या दोन्ही कामांत जनुकांची माहिती भरपूर वापरली आहे. पण प्रत्येक वळणावर निर्णय घेतलाय तो परीक्षानळीत काय बनलं हे ओळखणाऱ्या माणसाने.

इथून तुझ्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. जैवरसायनाला भवितव्य आहे का, हा प्रश्न मला उलटा वाटतो. अॅराबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या रोपाचा जीनोम २००० मध्ये वाचून झाला, सुमारे साडेपंचवीस हजार जनुकं मोजली गेली, आणि आजही त्यातल्या बऱ्याच जनुकांचं काम कुणी प्रयोगाने दाखवलेलं नाही. डेटाबेसमध्ये त्यांच्यापुढे जे लिहिलेलं असतं ते कुठल्या तरी ओळखीच्या प्रथिनाशी साम्य आहे म्हणून लिहिलेलं असतं. साम्यावरून सांगितलेलं काम आणि मोजून दाखवलेलं काम यांत फार अंतर आहे. एका अमिनो आम्लाच्या फरकाने एन्झाइम वेगळ्या रेणूवर चालतं.

पुन्हा डायकायनेजचंच बघ. ते अंधारात बंद आणि उजेडात चालू कसं होतं, हे शोधताना एक नियामक प्रथिन सापडलं. ते एकच प्रथिन चालूही करतं आणि बंदही, हे १९८० च्या दशकातच क्रिया मोजून माहीत झालं होतं. पानात ते इतकं थोडं असतं की त्याचं जनुक हाती यायला २००६ उजाडलं. तोपर्यंत त्याच कुळातली प्रथिनं डेटाबेसमध्ये ‘कार्य अज्ञात’ अशा शिक्क्याखाली पडून होती. क्रम सगळ्यांसमोर होता, पण त्याचा अर्थ नव्हता. तो परीक्षानळीतल्या कामातून आला.

उलट बाजूही तुला माहीत असावी, म्हणजे जैवरसायन घाईने केलं तर काय होतं ते. अॅब्सिसिक आम्ल हे पाण्याच्या टंचाईत पानाची रंध्रं मिटवणारं संप्रेरक. त्याचा ग्राही (त्याला पकडणारं प्रथिन) सापडला असा एक शोधनिबंध २००६ मध्ये फार मोठ्या नियतकालिकात आला. दुसऱ्या प्रयोगशाळेने तेच बंधन मोजायचा प्रयत्न केला, त्यांना ते दिसलं नाही, आणि २००८ मध्ये निबंध मागे घेण्यात आला. खरे ग्राही २००९ मध्ये सापडले. अॅराबिडॉप्सिसमध्ये त्यांचं चौदा जणांचं कुटुंब आहे. एक जनुक मोडलं तर बाकीचे काम चालवून घेतात, म्हणून नुसत्या उत्परिवर्तनांच्या शोधात ते वर्षानुवर्षं निसटत राहिले. अखेर पायराबॅक्टिन नावाच्या, प्रयोगशाळेत बनवलेल्या एका संयुगाने वाट दाखवली, कारण ते त्या कुटुंबातल्या मोजक्यांनाच पकडतं. त्या संयुगाला दाद न देणारी रोपं शोधली आणि जनुक मिळालं. रसायन आणि जनुकशास्त्र दोघांनी मिळून जे उघडलं, ते एकट्या कुणालाच उघडलं नव्हतं.

अशा माणसांची गरज संपलेली नाही, वाढते आहे. क्रमवारी काढणं स्वस्त होत गेलं, तशी यादी बनवणारे खूप झाले आणि यादीतलं चौथं नाव खरं की खोटं हे दाखवू शकणारे तुलनेने कमी राहिले. तू ज्या जागी आज वैतागून उभी आहेस, तिथून सुटका करून घेशील तेव्हा तुझ्याकडे ते कौशल्य असेल. मात्र फक्त तेवढंच ठेवू नकोस. ट्रान्स्क्रिप्टोमची माहिती दुसऱ्याकडून विश्लेषण करून घेऊन त्याने दिलेला तक्ता चिकटवणारे जैवरसायनशास्त्रज्ञ मी पाहिलेत, आणि मला ते पटत नाही. मैत्रिणीच्या शेजारी बसून आर ही डेटा तपासायची संगणक भाषा शिक. स्वतःच्या डेटाला स्वतः प्रश्न विचारता आले पाहिजेत. बदल्यात तिला तू एक एन्झाइम मोजायला शिकव. तिच्या पेपरमधलं एखादं जनुक तुमच्या दोघींच्या नावाने सिद्ध झालं, तर तिच्या कामाचीही किंमत वाढेल.

नोकरीबद्दल खोटा धीर देणार नाही. कायमच्या प्राध्यापकीच्या जागा पीएचडी झालेल्यांपेक्षा फार कमी असतात, सगळीकडेच. बहुतेकांना एक-दोन पोस्टडॉक (पीएचडीनंतरचं तात्पुरतं संशोधन) करावे लागतात आणि त्यात गाव, कधी देश बदलावा लागतो. ज्यांना ते जमत नाही किंवा करायचं नाही, त्यांनी वेळेवर वळावं. त्यात कमीपणा काहीच नाही. प्रथिन शुद्ध करता येणं, मोजमाप विश्वासार्ह करता येणं, ही कौशल्यं औषधनिर्मितीत, एन्झाइम बनवणाऱ्या उद्योगात, बियाणे कंपन्यांच्या प्रयोगशाळांत, गुणवत्ता तपासणीत सरळ लागू पडतात. मुलाखतीत तिथे पेपर किती यापेक्षा ‘क्रिया गेली तेव्हा तुम्ही काय केलंत?’ असं विचारतात. वरचे प्रयोग तू केलेस तर तुझ्याकडे या प्रश्नाचं खणखणीत उत्तर असेल.

तिसरा प्रश्न. तू तो शेवटी आणि चाचरत विचारलास. काम आवडतं का, हे अपयशी वर्षाच्या शेवटी ठरवू नये. वर्षभर काहीच लागलं नाही तर कुणालाही कशाचाच कंटाळा येतो. निकाल बाजूला ठेवून रोजचं काम बघ. जेल रंगवून झाल्यावर पट्ट्या दिसायची वाट बघताना हात आपोआप दुसऱ्या कामाला लागतो, की फोनकडे जातो? दुसऱ्याच्या सेमिनारमध्ये आलेख पडद्यावर आला की डोळे आधी अक्षांवर जातात का, ‘याला कंट्रोल कुठे आहे?’ असं मनात येतं का? नकोसा निकाल आला तर दुःखाच्या मागोमाग ‘असं का झालं असेल’ ही खाज सुटते का? सुटत असेल तर तू या कामाची आहेस आणि दमली आहेस. पंधरा दिवस सुटी घे, खरी सुटी. ती सुटत नसेल, आधीही कधी सुटत नव्हती असं आठवत असेल, तर प्रबंध पूर्ण कर आणि वेगळं काही निवड. तुझ्या पत्रात एक वाक्य आहे, ‘अमोनियम सल्फेटनंतर ती निम्मी उरते’. मन उडालेल्या माणसाने एवढंही लिहिलं नसतं, ‘प्रयोग चालत नाहीत’ एवढंच लिहिलं असतं.

मेरी-डेल चिल्टन यांचं काम तू वाचलं असशील. अॅग्रोबॅक्टेरियम आपला डीएनए वनस्पतीत घालतो, या म्हणण्यावर त्यांचा विश्वास नव्हता. ते खोटं ठरवावं, या हेतूनेच त्या त्यात शिरल्या. मोजमाप अधिकाधिक बारीक करत गेल्या, आणि १९७७ मध्ये त्यांच्याच गटाने दाखवलं की जिवाणूच्या प्लास्मिडचा (सुट्या डीएनए-वर्तुळाचा) एक छोटा तुकडा खरोखरच त्याने वनस्पतीवर आणलेल्या गाठीच्या पेशींत असतो. आज तू निकोशियानाच्या पानात जो जिवाणू सोडणार आहेस, त्याच्यामागे हे काम आहे. मला त्यांच्याबद्दल सर्वांत जास्त आदर वाटतो तो याचा, की उत्तर स्वतःच्या मताविरुद्ध गेलं तेव्हाही त्या मोजमापाच्या बाजूने उभ्या राहिल्या. तुझ्या वयात हा गुण कमावता येतो. पुढे अवघड जातं.

गाइडशी बोलायला तोंडी जाऊ नकोस. एक पान लिहून ने. त्यात चार महिन्यांची मुदत माग. पहिल्या महिन्यात हिशेब, फ्रॅक्शन्सचं मिश्रण, पीव्हीपीपी आणि खोलीच्या तापमानाचा प्रयोग. त्याच महिन्यात ट्रान्स्क्रिप्टोमसाठी नमुने पाठव, म्हणजे त्यांची सूचनाही मार्गी लागते आणि क्रमवारी येईपर्यंत तुझा वेळ रिकामा जात नाही. नमुने पाठवताना एक काळजी घे : एन्झाइम क्रिया जास्त असलेलं ऊतक आणि जवळजवळ नसलेलं ऊतक, दोन्ही पाठव. कोवळी पानं आणि जून पानं, किंवा पान आणि मूळ, जे असेल ते. दोन्हींत क्रिया तू स्वतः मोजलेली असली पाहिजे, आणि प्रत्येकी निदान तीन वेगवेगळ्या झाडांची. नाहीतर यादी शेकड्यांतच राहील. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात कॉलम आणि मास स्पेक्ट्रोमेट्री. चौथ्यात उमेदवार जनुकं. आणि खाली स्पष्ट लिही : एवढं करूनही चार महिन्यांनंतर क्रिया पकडून ठेवता आली नाही, तर प्रथिन थांबवून ऊतकांतल्या फरकावर प्रबंध लिहीन. ही शेवटची ओळ वाचली की गाइडचा जीव भांड्यात पडेल, आणि तुलाही कुठे थांबायचं ते माहीत असेल.

सर्वांत आधी मिश्रणाचा प्रयोग कर. त्याला नवीन काही विकत आणावं लागत नाही. काय दिसलं ते कळव, शून्य आलं तरी कळव. फक्त पानं किती वाजता तोडली, अर्काचा पीएच प्रत्यक्षात किती निघाला आणि बफरमध्ये मॅग्नेशियम होतं का, एवढं सोबत लिहायला विसरू नकोस.